ओकायामात होस्ट कुटुंबासोबत फिरताना

जपानमधल्या ओकायामा शहरात एक्स्चेंजवर गेलेला विद्यार्थी ज्या घरी राहतो ते त्याचं होस्ट कुटुंब, आणि या कुटुंबासोबतची सहल रविवारी सकाळी सुरू होत नाही. ती सुरू होते आधीच्या सोमवारी किंवा मंगळवारी. रात्रीचं जेवण आटोपलं की ओकासान, म्हणजे घरातली आई, भिंतीवरचं कॅलेंडर टेबलावर आणतात आणि विचारतात, "निचियोबी, दोको ए इकिताइ?" म्हणजे रविवारी कुठे जावंसं वाटतंय? आपल्याकडून गेलेली बहुतेक मुलं इथे "कुठेही चालेल" असं म्हणून मोकळी होतात. आपल्याला ते नम्रपणाचं वाटतं, पण तिथे त्याचा अर्थ सगळा विचार ओकासाननी एकट्यांनीच करायचा असा होतो. दोन गोष्टी सांगा: एक जागा आणि एक खाण्याचा पदार्थ. "कोराकुएन बाग बघायची आहे आणि इथले पीच खायचे आहेत" एवढ्यावर जपानी घर पूर्ण दिवसाचा आराखडा उभा करतं.

आराखडा हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. कितीला निघायचं, गाडी कुठे लावायची, जेवायला कुठे, किती जणांचं बुकिंग, पाऊस आला तर काय, हे सगळं शुक्रवारपर्यंत ठरलेलं असतं. म्हणूनच अडचण असेल ती आधी सांगायची. मासे खात नाही, घाटात गाडी लागते, गुडघा दुखतो, सार्वजनिक स्नानगृहात जायचा संकोच वाटतो, जे असेल ते. मंगळवारी सांगितलं तर त्याची सोय होते आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. तीच गोष्ट रविवारी दुपारी हॉटेलात बसल्यावर सांगितली, तर ओकासान आधी तुमची माफी मागतात, मग वाढणाऱ्याची, मग पुन्हा तुमची, आणि पुढचे दोन तास सगळे अवघडून बसतात. ओकायामात राहताना आणि नंतर पुण्याहून जाणाऱ्या मुलांची तयारी करून घेताना मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक हीच आहे.

त्याच आठवड्यात कागदपत्रांचंही बघून ठेवा. एक्स्चेंजच्या बहुतेक कार्यक्रमांत रात्रभर बाहेर राहायचं असेल तर लेखी परवानगी लागते आणि ती एका दिवसात येत नाही. वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर परदेशी रहिवाशांना मिळणारं झाइर्यू कार्ड बाहेर पडताना जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे. दोन-तीन आठवड्यांसाठीच आला असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. रेल्वेच्या जपान रेल पासबद्दल फार गैरसमज आहे. तो फक्त अल्प मुक्कामाचा शिक्का असलेल्यांना मिळतो, विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्याला नाही. त्याऐवजी लांबच्या प्रवासाला 'गाकुवारी' ही विद्यार्थी सवलत विचारा. जेआरचं, म्हणजे जपान रेल्वेचं, एका बाजूचं अंतर १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर मूळ भाड्यात २० टक्के सूट मिळते. त्यासाठी शाळेच्या किंवा विद्यापीठाच्या कार्यालयातून दाखला आणावा लागतो. रोजच्या ट्राम-लोकलला इकोका हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड पुरतं.

पिशवीत काय हवं, तेही सांगते. हातरुमाल दोन, कारण बऱ्याच स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद नसतो. कचऱ्यासाठी एक प्लास्टिकची पिशवी, कारण रस्त्यावर कचरापेटी जवळजवळ दिसत नाही आणि प्रत्येक जण आपला कचरा घरी नेतो. छोटी घडीची छत्री. नाण्यांचं वेगळं पाकीट, त्यात १०० येनची सात-आठ नाणी आणि ५ येनची निदान चार. काढायला-घालायला सोपे बूट. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण एका दिवसात पाच-सहा वेळा बूट काढावे लागतात, आणि प्रत्येक वेळी सगळं कुटुंब तुमच्या नाड्या सुटण्याची वाट बघत उभं राहतं. मोजे धड असू द्या. पाय सगळ्यांना दिसतात.

निघायची वेळ ८ असेल तर ७.५५ला बूट घालून दारात उभं राहायचं. ८ वाजता गाडी हलते. गाडीत कुठे बसायचं ते सांगेपर्यंत थांबा. मागेही पट्टा बांधायचाच. ओतोसान, म्हणजे घरातले वडील, गाडी चालवत असतील तर पुढची जागा बहुधा ओकासानची असते. गाडीत खाण्याआधी विचारा. आणि ओकासान रस्ता सांगत असताना आपला फोन काढून "हा रस्ता जवळचा दिसतोय" म्हणू नका. त्या रस्त्यावरून जाण्यामागे काहीतरी कारण असतं, बहुतेक वेळा तुम्हाला दाखवायचं असं वाटेतलं काहीतरी.

ओकायामात पहिली सहल कोराकुएनची असते, आणि ती असावीच. पुणेकरांसाठी तर ही बाग अर्धी ओळखीची आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. निघण्यापूर्वी त्या उद्यानात एकदा जाऊन चार-पाच फोटो काढून न्या. होस्ट कुटुंबासमोर बोलायला यापेक्षा चांगला विषय मला सापडलेला नाही. ओकायामातल्या अनेकांना आपल्या बागेची बहीण पुण्यात आहे हे माहीत नसतं, आणि फोटो पाहिल्यावर आजी-आजोबा पूल, तळं, टेकडी एकेक करून जुळवत बसतात.

मूळ बाग १६८७ साली सुरू होऊन १७०० साली पुरी झाली. इकेदा त्सुनामासा या सरदाराने ती बांधवली. कानाझावाची केन्रोकुएन आणि मितोची काइराकुएन यांच्यासोबत ती जपानच्या तीन थोर बागांत गणली जाते. विस्तार सुमारे १३ हेक्टर, म्हणजे ३३ एकरांच्या आसपास. आपलं पुण्याचं उद्यान १० एकरांचं आहे, त्यावरून अंदाज येईल. स्टेशनवरून हिगाशियामाकडे जाणारी ट्राम घेऊन शिरोशिता थांब्यावर उतरलं की दहा मिनिटं चालत बाग येते. होस्ट कुटुंबं पुष्कळदा किल्ला आणि बाग यांचं एकत्र तिकीट काढतात. मुख्य दाराने आत जाऊन दक्षिण दाराने बाहेर पडणं सोयीचं, कारण तिथून त्सुकिमी पूल ओलांडला की आसाही नदीपलीकडे किल्ला. उलट दिशेने फिरलात तर तेच अंतर पुन्हा चालावं लागतं.

बाग बघायची म्हणजे फुलं बघायची, ही आपली सवय इथे कामाची नाही. इथे बघायचं ते चालता चालता बदलणारं दृश्य. सावा-नो-इके या मोठ्या तळ्याच्या काठाने जा, जेमतेम ६ मीटर उंचीच्या युइशिन टेकडीवर चढा आणि तिथून मागे वळून बघा. बागेच्या हद्दीबाहेरचा काळा किल्ला आणि दूरचा मिसाओ डोंगर बागेचाच भाग असल्यासारखे दिसतात. याला 'शाक्केइ' म्हणतात, उसनं घेतलेलं दृश्य. हा शब्द उच्चारला की ओतोसान थांबून समजावून सांगायला लागतात, आणि ते ऐकण्यासारखं असतं. र्यूतेन नावाच्या मंडपातून पाण्याचा ओहोळ वाहतो. मंडपाला भिंती नाहीत, मधून पाणी आणि पाण्यात सहा दगड. बागेत भाताचं खाचर आणि चहाचा मळाही आहे. हिरवळ भरपूर आहे, जपानी बागांमध्ये ती इतकी सहसा नसते. दीड तास तरी द्या. उन्हाळ्यात सावली कमी आणि दमटपणा जास्त, तेव्हा सकाळी लवकर जाणं उत्तम. मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात बाग ७.३०लाच उघडते.

किल्ल्याबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं, म्हणजे निराशा होणार नाही. मूळ बुरूज १५९७ साली उकिता हिदेइएने पुरा केला, तो जून १९४५च्या हवाई हल्ल्यात जळाला, आणि आत्ता दिसतो तो १९६६ साली काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. आत लिफ्ट आहे. काळ्या फळ्यांमुळे त्याला 'उजो', कावळ्याचा किल्ला म्हणतात. राजगड-रायगडावर चढलेल्या माणसाला हा फारच गुळगुळीत वाटतो. पण त्या हल्ल्यात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला होता, आणि घरात ओबाआसान, म्हणजे आजी, असतील तर त्यांच्याकडे त्या काळाच्या घरच्या आठवणी असू शकतात. आपणहून विचारू नका. त्या बोलल्या तर मध्ये न बोलता ऐका.

आता देवळं. जिंजा म्हणजे शिंतो देवस्थान आणि तेरा म्हणजे बौद्ध मंदिर, आणि दोन्हीकडची रीत वेगळी. ओकायामाजवळ किबित्सु जिंजाला न्यायची फार शक्यता आहे. मोमोतारोच्या, म्हणजे पीचमधून जन्मलेल्या मुलाच्या गोष्टीचं मूळ इथल्या किबित्सुहिको या देवतेत मानतात. मुख्य मंदिर १४२५ सालचं आहे आणि दोन शिखरं शेजारी असलेलं त्याचं छप्पर दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. तिथून उताराबरोबर वळत जाणारा साडेतीनशे मीटरहून लांबीचा लाकडी, छताचा मार्ग आहे. तो शेवटपर्यंत चाला. उकळत्या कढईच्या आवाजावरून भविष्य सांगायचा विधी बघायचा असेल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी तो नसतो.

दर्शनाची पद्धत अशी. तोरी कमानीपाशी किंचित वाकून आत शिरायचं आणि वाटेच्या मधोमध न चालता कडेने जायचं, मधली वाट देवाची. पाण्याच्या टाकीपाशी पळी उजव्या हातात घेऊन डावा हात धुवायचा, पळी डाव्या हातात घेऊन उजवा, परत उजव्यात घेऊन डाव्या तळहातावर पाणी घ्यायचं आणि त्याने चूळ भरायची. पळीला तोंड लावायचं नाही. चुळीचं पाणी टाकीत नाही, खाली चरात टाकायचं. मग डावा हात पुन्हा धुवून पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तो धुतला जातो. हे सगळं एका पळीभर पाण्यात होतं. तीन पळ्या घेतल्या तर मागे रांग लागते. पुढे पेटीत नाणं टाकायचं. ५ येनचं चांगलं मानतात, कारण 'गो-एन' या उच्चारात ऋणानुबंध असाही अर्थ आहे. घंटा असेल तर वाजवायची, दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, मनात प्रार्थना, पुन्हा एकदा वाकायचं.

बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत. नुसते हात जोडायचे, जसे आपण जोडतो. आपल्या मुलांची गल्लत दोन ठिकाणी होते. एक, जिंजात ती पायऱ्यांशीच बूट काढू लागतात. पेटीपाशी उभं राहून नमस्कार करायचा तर बूट पायातच असतात, आत लाकडी जमिनीवर जायचं असेल तरच काढायचे. दोन, प्रदक्षिणा घालायला निघतात. तशी रीत तिथे नाही, आणि मागच्या बाजूला बऱ्याचदा जाता येत नाही. आणि तुमच्या श्रद्धेत हे बसत नसेल तर नुसतं शांत उभं राहिलं तरी चालतं, कुणी आग्रह करत नाही.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त अडतं ते इथे. "मी शाकाहारी आहे" हे वाक्य तिथे पुरेसं नाही. ऐकणारा त्यातून 'मांसाचे तुकडे नकोत' एवढंच घेतो. मासा त्यात धरला जातो असं नाही, आणि दाशी तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. दाशी म्हणजे कात्सुओ मासा वाळवून त्याच्या कीसापासून काढलेला रस्सा. मिसो सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा, सोबा या थंड नूडल्ससोबतची वाटीतली चटणीसारखी त्सुयू, इनारी सुशीची तळलेली तोफूची पिशवी, शिजवलेल्या भाज्या, या सगळ्यांत ती असते. तेम्पुराच्या, म्हणजे तिथल्या भज्यांच्या, पिठात अंडं असतं. म्हणून कागदावर जपानीत चार वेगळ्या ओळी लिहून द्या: मांस, मासे व शिंपले, अंडं, कात्सुओ दाशी. प्रत्येकापुढे खातो किंवा खात नाही. दूध चालतं हेही लिहा, नाहीतर आइसक्रीमही टळेल. कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी चालते हे लिहिलंत तर ओकासानचं काम एकदम सोपं होतं, कारण पर्याय हातात असतो. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या यादीवर विसंबू नका. दूध, अंडं, कोळंबी त्यात दिसतील, पण कात्सुओ त्या यादीत नाही. तो घटकपदार्थांच्या बारीक ओळीत शोधावा लागतो.

आणि एक निर्णय घरातूनच करून निघा: दाशी चालेल की नाही. "थोडी चालेल" असं मोघम उत्तर कुटुंबाला सर्वांत जड जातं. दाशी अजिबात नको असेल तर बाहेरच्या जेवणाचा हट्ट सोडून बेन्तो, म्हणजे घरचा डबा, नेऊ या असं सुचवा आणि सकाळी सहाला उठून डबा भरायला मदत करा. मीठ लावलेला भात, उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ, तीळ-पालक, भाजलेला रताळ्याचा काप, एवढ्यात छान डबा होतो. कोराकुएनच्या आसपास नदीकाठी बसून खाल्लेला तो डबा कुठल्याही हॉटेलपेक्षा बरा. जुलै-ऑगस्ट असेल तर ओकायामाचे पांढरे पीच येतात. झाडावरच फळाला कागदी पिशवी बांधतात म्हणून ते पांढरे राहतात. दुकानात दाबून बघू नका, बोटाचा डाग पडतो आणि ते महाग असतात.

कुराशिकी सोपं आहे. लोकलने सुमारे पंधरा-वीस मिनिटं, स्टेशनपासून तितकंच चालणं, आणि पांढऱ्या भिंतींच्या कोठारांमधून जाणारा कालवा. १९३० साली सुरू झालेलं ओहारा कलासंग्रहालय इथेच आहे, आत एल ग्रेको आणि मोने या चित्रकारांची चित्रं. कालव्यातली होडी वीसेक मिनिटांची असते आणि थोडीच माणसं मावतात, म्हणून पोहोचल्याबरोबर आधी होडीचं तिकीट काढा, मग बाकीचं फिरा. जपानात संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ते उघडं ठेवून मंगळवारी बंद ठेवतात. नाओशिमा बेटावर जायचं तर उनो बंदरातून मियानोउराला बोट वीस मिनिटांत पोहोचते, पण तिथल्या चिचू कलासंग्रहालयाचं वेळ ठरवलेलं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. आत फोटो काढता येत नाहीत.

मुक्कामाची सहल असेल तर ती गरम पाण्याच्या झऱ्यांची. ओकायामाच्या उत्तरेला युबारा, ओकुत्सु आणि युनोगो ही तीन नावाजलेली ठिकाणं आहेत. स्त्री-पुरुषांची स्नानगृहं बहुधा वेगळी असतात, आत सगळे निर्वस्त्र असतात आणि पोहण्याचे कपडे चालत नाहीत. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवायचं, फेस राहू द्यायचा नाही, केस वर बांधायचे, मग कुंडात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. पाणी ४० अंशांच्या वर असतं. पहिल्यांदा पाच मिनिटांत बाहेर या, नाहीतर चक्कर येते. ताजी मेंदी लावून जाऊ नका. गोंदण असलेल्यांना बऱ्याच ठिकाणी प्रवेश नसतो आणि दुरून मेंदी गोंदणासारखी दिसते. पाळी असेल किंवा मनच होत नसेल तर "क्यो वा एन्र्यो शिमासु" म्हणा, म्हणजे आज राहू दे. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. नंतर घालायला मिळणारा युकाता, म्हणजे सुती झगा, डावी बाजू वर ठेवून बांधायचा. उजवी बाजू वर मृतदेहाला करतात, आणि हे चुकलं तर ओबाआसान लगबगीने येऊन स्वतः नीट करतात.

पैशांचा विषय बोलायला अवघड, पण आधीच मिटवावा. आराखडा ठरत असतानाच "हियो वा इकुरा देसु का", म्हणजे खर्च किती येईल, असं विचारा. आपल्या भागाची रक्कम पाकिटात घालून आदल्या रात्री ओकासानना द्या, तिकीट खिडकीपाशी सुट्ट्या नोटा पुढे करू नका. एकदा नाही म्हणाल्या तर पुन्हा एकदा द्या. दुसऱ्यांदा नाही म्हणाल्या तर ठेवून घ्या आणि वाटेत हायवेवरच्या थांब्यावर सगळ्यांना आइसक्रीम किंवा चहा आपल्याकडून. घरी राहिलेल्या आजोबांसाठी तिथूनच किबी दांगो या मऊ गोड गोळ्यांचा एक डबा घ्या. इतक्यावर हिशेब छान बसतो.

परतल्यावर दारात "तादाइमा", म्हणजे मी घरी आले, बूट काढून टोकं दाराकडे. अंघोळीची पाळी कुणाची ते विचारा. टबमधलं पाणी सगळ्यांसाठी तेच असतं, ते सोडून द्यायचं नाही. झोपायच्या आधी आजच्या दिवसाचे आभार मानायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा: "किनो वा अरिगातो गोझाइमाशिता." कालच्याबद्दल दुसऱ्यांदा आभार मानायची ही रीत आपल्याकडे नाही, म्हणून विसरली जाते, आणि ती राहून गेली की ओकासानना दिवस तुम्हाला आवडला नसावा असं वाटतं. सोबत एखादी नेमकी गोष्ट सांगा, "तो पाण्यावरचा मंडप" किंवा "तो लांब लाकडी रस्ता". पुढच्या आठवड्यात दोन-तीन फोटोंच्या छापील प्रती कॉन्बिनी या दिवसरात्र उघड्या दुकानातल्या यंत्रावर काढून आणा. काही मिनिटांत निघतात. एक प्रत ओबाआसानसाठी, मोठ्या आकाराची.